जपानची पारंपरिक लोकखेळणी : कारागिरी, लोकश्रद्धा आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

संस्कृतीच्या अभ्यासात खेळणे ही वस्तू दीर्घकाळ दुय्यम मानली गेली. मंदिरे, शिल्पे, चित्रे व ग्रंथ यांच्याकडे ज्या गांभीर्याने पाहिले गेले, त्या गांभीर्याने मुलाच्या हातातील बाहुलीकडे किंवा भोवऱ्याकडे पाहिले गेले नाही. याची कारणे उघड आहेत. खेळणे वापरले जाते, मोडते आणि अखेर चुलीत किंवा उकिरड्यावर जाते. ते घडविणाऱ्याचे नाव सहसा कोणी नोंदवून ठेवीत नाही; आणि ज्या मुलासाठी ते घडविलेले असते, ते मूल मोठे झाल्यावर त्याला विसरून जाते.

या सर्वसाधारण नियमाला जपान हा लक्षणीय अपवाद होय. तेथे १८९१ मध्ये शिमिझु सेइफु यांच्या ‘उनाइ नो तोमो’ (बालकांचे सवंगडी) या रंगीत चित्रग्रंथमालेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि गावोगावच्या खेळण्यांची चित्रे प्रथमच एकत्रितपणे वाचकांपुढे आली. पुढे या विषयावर स्वतंत्र ग्रंथ निर्माण झाले, संग्राहकांची मंडळे स्थापन झाली, संग्रहालये उभी राहिली आणि काही खेळण्यांना शासकीय मान्यताही मिळाली.

तथापि या यशामध्ये एक विसंगती दडलेली आहे. ज्या काळात या खेळण्यांच्या जतनाचा विचार बळावला, त्याच काळात मुलांनी ती हातात घेणे सोडून दिले. आज पारंपरिक बाहुली बहुधा प्रौढ व्यक्ती विकत घेते आणि ती कपाटात मांडून ठेवते. अशा स्थितीत नेमके काय टिकले, असा प्रश्न निर्माण होतो. टिकले ते खेळणे, त्याचा आकार, की ते घडविण्याची विद्या? प्रस्तुत लेखात लाकडी ‘कोकेशी’ आणि कागदी ‘दारुमा’ व ‘आकाबेको’ ही प्रमुख उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. लोकखेळणी : संज्ञा आणि व्याप्ती

जपानी भाषेत या खेळण्यांना ‘क्योदो गांगु’ असे म्हणतात. ‘क्योदो’ म्हणजे आपला मुलूख आणि ‘गांगु’ म्हणजे खेळणे. ही संज्ञा फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कारखान्यातील खेळणी बाजारात सर्वत्र दिसू लागल्यानंतर, गावोगावच्या जुन्या खेळण्यांना वेगळे ओळखण्यासाठी ती रूढ झाली. चित्रकार ताकेइ ताकेओ यांचा ‘निहोन क्योदो गांगु’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या लोकांनी ही खेळणी घडविली, त्यांच्या लेखी मात्र ती केवळ ‘बाहुली’, ‘घोडा’ किंवा ‘गाय’ एवढीच होती.

यांतील बहुतेक खेळणी एदो काळात (१६०३ ते १८६८) आकारास आली. या दीर्घ शांततेच्या काळात तीर्थयात्रा वाढल्या, बाजारपेठा विस्तारल्या आणि यात्रेहून परतताना घरच्या मुलांसाठी काहीतरी घेऊन जाण्याची प्रथा सामान्य लोकांतही पसरली. क्योतोजवळील फुशिमी इनारी या देवस्थानाच्या पायथ्याशी विकल्या जाणाऱ्या मातीच्या बाहुल्या यात्रेकरूंनी देशभर नेल्या. त्या पाहून ठिकठिकाणच्या कुंभारांनी स्वतःचे साचे तयार केले. म्हणूनच फुशिमीच्या बाहुल्यांना जपानमधील मृत्तिकाबाहुल्यांचे मूळ मानले जाते.

खेळण्यांचे साहित्य परिसरातून ठरत असे. जंगल असेल तेथे लाकूड, चिकणमाती असेल तेथे मातीकाम आणि व्यापारी नगरांच्या आसपास, जेथे वापरलेला कागद सहज उपलब्ध होई, तेथे कागदी खेळणी. ती घडविणारे लोकही पूर्णवेळ खेळणी करणारे नव्हते. हिवाळ्यात शेती बंद असलेले शेतकरी, अपुऱ्या वेतनावर गुजराण करणारे कनिष्ठ दर्जाचे सैनिक आणि मुळात भांडी घडविणारे कारागीर अशा तीन प्रकारच्या लोकांच्या हातून ती निर्माण झाली. योनेझावा येथील सासानो गावात एकाच रुंद पात्याच्या हत्याराने लाकडाच्या ढलप्या कुरळ्या करून पक्षी कोरण्याची कला हिमकाळातील जोडधंदा म्हणून वाढली. खेळणे हे अशा रीतीने गावाच्या अर्थव्यवस्थेचा एक लहानसा पण उपयुक्त भाग होते.

२. कोकेशी : कातारी आणि उष्णोदकाचे झरे

कोकेशी ही ईशान्य जपानमधील तोहोकु प्रदेशाची बाहुली होय. गोल डोके, दंडगोलाकार धड, हात नाहीत, पाय नाहीत, असे तिचे स्वरूप असते. तिच्या या साधेपणाचे कारण तिच्या जन्मात आहे. ती कातकाम करणाऱ्यांनी निर्माण केली आणि फिरत्या चरकावर, म्हणजे आजच्या भाषेत लेथवर, जे आकार सहज निघतात तेच तिला मिळाले.

या कातारी लोकांना ‘किजिशी’ म्हणत. ते डोंगरांत राहून लाकडी वाडगे व तबके घडवीत आणि चांगले लाकूड संपले की दुसऱ्या डोंगरावर जात. नवव्या शतकातील कोरेताका हा सिंहासनापासून वंचित राहिलेला राजपुत्र आपला मूळ पुरुष आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. सूत्रग्रंथाची गुंडाळी उलगडताना फिरणारा दांडा पाहून त्याला चरकाची कल्पना सुचली, असे आख्यायिका सांगते. हिच्याकडे इतिहास म्हणून पाहता येत नाही. परंतु भटक्या कारागिरांनी आपल्या धंद्याला प्रतिष्ठा कशी मिळविली, हे तिच्यावरून समजते. १८६८ नंतरच्या मेइजी राजवटीत जमिनीची व जंगलांची मालकी निश्चित झाली, मुक्त वृक्षतोड बंद झाली आणि किजिशींना एका जागी स्थिर व्हावे लागले.

तोहोकुमध्ये उष्ण पाण्याचे झरे विपुल आहेत. सुगी संपल्यावर शेतकरी कुटुंबे या झऱ्यांवर काही आठवडे मुक्काम करीत आणि स्नानाने शरीराचा शीण घालवीत. हा ग्राहकवर्ग पाहून जवळपासच्या कातारींनी वाडग्यांसोबत भोवरे व बाहुल्याही विक्रीस ठेवल्या. कोकेशीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा ठिकाणी झाला, असे सामान्यतः मानले जाते. झऱ्यावरून परतणारा शेतकरी ती आपल्या मुलीसाठी नेई. लहान मुठीत मावेल असे तिचे धड असे आणि मुली तिला तान्ह्या बाळाप्रमाणे कापडात गुंडाळून खेळत. इवाते परगण्यातील नाम्बु प्रकारची कोकेशी तर मुळात रंगविलीच जात नसे, कारण दात येणारी बाळे ती चोखत व चघळत असत. तिचे डोके खोबणीत सैल बसविलेले असल्यामुळे ते डुलते आणि बाळाला त्याची मौज वाटते.

३. घडण्याची प्रक्रिया आणि ‘घराणी’

कोकेशीसाठी मुख्यतः ‘मिझुकी’ या झाडाचे पांढरे, मऊ व एकसारख्या पोताचे लाकूड वापरतात. मेपलचे लाकूडही चालते. झाड तोडल्यावर साल काढून ओंडके सहा महिने ते वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उघड्यावर वाळविले जातात. लाकूड घाईने वाळविल्यास त्याला तडे जातात. त्यामुळे या धंद्यात आजच्या कामाची तयारी गेल्या वर्षी करावी लागते. वाळलेल्या ओंडक्याचे योग्य मापाचे तुकडे करून चरकावर प्रथम ढोबळ आणि नंतर नेमका आकार काढला जातो. यासाठी लागणारी आकडेदार टोकाची हत्यारे कारागीर स्वतःच्या भट्टीत घडवितो. प्रत्येकाचा हात व घडविण्याचा आकार वेगळा असल्याने बाजारातील तयार हत्यार येथे उपयोगी पडत नाही. गुळगुळीतपणासाठी पूर्वी ‘तोकुसा’ नावाच्या खरखरीत वनस्पतीच्या वाळलेल्या कांड्या वापरीत. त्यानंतर काळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या अशा मोजक्या रंगांनी चेहरा व नक्षी काढली जाते आणि शेवटी फिरत्या बाहुलीवर मेण घासून चकाकी आणली जाते.

धडावरील आडव्या रंगीत पट्ट्या चरक फिरत असताना कुंचला स्थिर धरून काढतात. चेहऱ्याचे मात्र तसे नाही. भुवई, डोळा, नाक व ओठ मिळून काही थोड्या रेषा असतात आणि त्या पुसून दुरुस्त करता येत नाहीत, कारण रंग लाकडात मुरतो. घडविणाऱ्याची पारख या रेषांवरून होते.

नारुको येथील कोकेशीचे डोके फिरविले असता ‘क्यु क्यु’ असा आवाज येतो. तो बसविण्याच्या पद्धतीतून निर्माण होतो. धडाच्या वरच्या टोकाला खाच आणि डोक्याच्या खाली तिच्यापेक्षा किंचित जाड खुंटी ठेवली जाते. धड चरकावर वेगाने फिरत असताना डोके त्यावर दाबले जाते. घर्षणाने उष्णता निर्माण होऊन खुंटी आत सरकते आणि नंतर बाहेर निघत नाही. फिरविल्यास मात्र लाकडावर लाकूड घासून आवाज येतो. हे कौशल्य केवळ वर्णन वाचून येत नाही. दाब किती द्यावा आणि केव्हा थांबावे, हे हातालाच कळावे लागते.

कोकेशीचे साधारणतः अकरा प्रकार मानले जातात : त्सुचियु, याजिरो, तोगात्ता, नारुको, साकुनामी, यामागाता, झाओ-ताकायु, हिजिओरी, किजियामा, नाम्बु आणि त्सुगारु. प्रत्येक प्रकार एखाद्या झऱ्याशी किंवा गावाशी निगडित आहे. त्सुचियुच्या बाहुलीच्या माथ्यावर एकात एक वर्तुळे असतात. याजिरोच्या डोक्यावर टोपीसारखी रंगीत वलये असतात. तोगात्ताच्या मोठ्या डोक्यावर लाल रेषांचा फुलोरा आणि धडावर शेवंतीची फुले असतात. किजियामाची बाहुली डोक्यासह एकाच लाकडातून काढलेली असते. या विभागणीचे स्वरूप मराठी वाचकाला हिंदुस्थानी संगीतातील ‘घराणे’ या कल्पनेवरून सहज समजू शकेल. स्थान, गुरुपरंपरा आणि शैली यांचा येथेही तसाच मेळ आढळतो. दिवंगत कारागिराच्या बाहुलीची हुबेहूब प्रतिकृती करण्याची प्रथा या परंपरेत आहे आणि ती चोरी मानली जात नाही. मात्र ती करण्याचा अधिकार त्या परंपरेत शिकलेल्यालाच आहे, असा संकेत पाळला जातो.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या पद्धतीला आज पारंपरिक म्हटले जाते, तीही अनेक बदल पचवून आलेली आहे. जुना चरक चालविण्यास दोन माणसे लागत. एक जण आसाला गुंडाळलेला दोर दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढी आणि दुसरा हत्यार धरी. १८८५ च्या सुमारास एकट्याने पायांनी चालविण्याचा चरक तोगात्ता-आओने परिसरात आला आणि कारागिराला मदतनीसाची गरज उरली नाही. पुढे पाण्याची शक्ती व विजेची मोटर आली. वनस्पतिजन्य रंगांच्या जागी कृत्रिम रंग आले. एवढ्या परिवर्तनानंतरही बाहुली ओळखीची राहिली, कारण हत्यार धरणारा हात आधीच्या हाताकडून शिकलेला होता.

४. कागदी खेळणी : दारुमा आणि आकाबेको

साच्यावर कागदाचे थर चिकटवून पोकळ वस्तू करण्याच्या पद्धतीला ‘हारिको’ म्हणतात. लाकडी साच्यावर ओला कागद खळीने थरावर थर चिकटवला जातो. तो वाळल्यावर सुरीने चिरून साचा बाहेर काढला जातो व चीर पुन्हा जोडली जाते. शिंपल्यांची पांढरी पूड सरसात कालवून तिचा लेप दिला जातो आणि त्यावर रंग चढविला जातो. या कलेची खरी पुंजी म्हणजे लाकडी साचा. फुकुशिमा परगण्यातील ताकाशिबा या वस्तीत जुने साचे पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत. ‘मिहारु हारिको’ नावाची नर्तकांची व पात्रांची कागदी चित्रे तेथे अद्याप घडविली जातात. याच वस्तीत ‘मिहारु-गोमा’ हा लाकडी घोडाही घडतो. १९५४ च्या नववर्षाच्या टपाल तिकिटावर त्याला स्थान मिळाले.

दारुमा ही हारिकोतील सर्वांत प्रसिद्ध वस्तू आणि भारताशी तिचे नाते तिच्या नावातच आहे. ‘दारुमा’ हे संस्कृत ‘धर्म’ या शब्दाचे चिनी भाषेतून आलेले जपानी रूप असून ते ध्यानपंथाचे प्रवर्तक मानले गेलेल्या बोधिधर्मांचे नाव आहे. परंपरा त्यांना दक्षिण भारतातील राजपुत्र मानते. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे ध्यानस्थ बसल्यामुळे त्यांचे पाय झडून गेले, असे दंतकथा सांगते. पाडली तरी पुन्हा उभी राहणारी, तळाशी वजन असलेली बाहुली चीनमधून जपानमध्ये पूर्वीच आली होती. तिच्याशी या हातपाय नसलेल्या तपस्व्याची सांगड घातली गेली आणि चिकाटीचे एक प्रतीक तयार झाले.

गुन्मा परगण्यातील ताकासाकी हे दारुमाचे प्रमुख केंद्र आहे. १७८३ मध्ये आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या काळातील दुष्काळाने शेतकरी हवालदिल झाले. तेव्हा शोरिन्झान मंदिराच्या धर्मगुरूंनी त्यांना दारुमा तयार करण्यास शिकविले, असे तेथे सांगितले जाते. हिवाळ्यातील कोरडे वारे कागद वाळविण्यास अनुकूल होते आणि शेतीही त्या काळात बंद असे. परिसरातील रेशीम उत्पादकांनी या बाहुलीला विशेष आश्रय दिला. रेशमाचा किडा कात टाकतो त्याला तेथील बोलीत ‘उठणे’ म्हणत, त्यामुळे पडूनही उठणारा दारुमा त्यांना शुभ वाटला. ताकासाकीच्या दारुमाच्या भुवयांत क्रौंचाचा आणि दाढीमिशांत कासवाचा आकार सूचित केलेला असतो. हे दोन्ही प्राणी दीर्घायुष्याचे द्योतक आहेत. डोळे मात्र कोरे ठेवले जातात. संकल्प करताना एक आणि तो सिद्धीस गेल्यावर दुसरा डोळा रंगविण्याची रूढी आहे. निवडणुकीतील उमेदवारही ती पाळतात.

दारुमाचा लाल रंग आणि आइझु येथील ‘आकाबेको’ या लाल गाईचा रंग यांमागे एक समान श्रद्धा आहे. देवीच्या साथी येत त्या काळात लाल रंग रोगाला दूर ठेवतो अशी समजूत होती आणि आजारी मुलाभोवती लाल खेळणी व लाल चित्रे ठेवली जात. ‘बेको’ म्हणजे स्थानिक बोलीत गाय. १६११ च्या भूकंपात नष्ट झालेले यानाइझु येथील एन्झोजी मंदिर पुन्हा बांधताना लाल रंगाच्या गुरांनी अवजड लाकडे वाहून नेली, अशी कथा आहे. खेळण्यातील गाईचे डोके दोऱ्याने लोंबकळत ठेवलेले असते व ते सतत डोलते. तिच्या अंगावरील काळे ठिपके देवीचे व्रण मानले जातात. म्हणजे मुलाच्या वाट्याची पीडा गाईने स्वतःवर घेतली, असा त्याचा अर्थ लावला जातो. जपानमध्ये १८४९ पासून देवीची लस पसरू लागली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर केले. ज्या भयातून या गाईला तिचे ठिपके मिळाले ते भय संपले. गाय मात्र आइझुच्या दुकानांत आजही डोलते आहे. प्रयोजन नाहीसे झाले तरी वस्तू उरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

५. संग्राहकांचे कार्य आणि त्याची मर्यादा

विसाव्या शतकाच्या आरंभी पत्र्याची व सेल्युलॉइडची स्वस्त, चमकदार खेळणी दूरच्या गावांतही पोचली आणि कोकेशीचा बालग्राहक नाहीसा होऊ लागला. अनेक कातारींनी बाहुल्या करणे थांबविले. याच सुमारास शहरांतील सुशिक्षित संग्राहक तिच्याकडे वळले. आमाए तोमिया यांचे १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक कोकेशीवरील पहिला ग्रंथ मानला जातो. संग्राहकांनी डोंगराळ गावांतून प्रवास करून कारागिरांचा शोध घेतला, त्यांच्या गुरुपरंपरा नोंदविल्या आणि काम सोडलेल्या वृद्धांना पुन्हा चरकावर बसविले. हे कार्य झाले नसते तर आज कोकेशीच्या कित्येक प्रकारांची नावेही उरली नसती.

मात्र जतन करणारा जे जतन करतो त्याला थोडे बदलतोही. ‘कोकेशी’ हे नाव हेच याचे पहिले उदाहरण. पूर्वी या बाहुलीला गावोगावी ‘देको’, ‘किदेको’, ‘किबोक्को’, ‘कोगेसु’ अशी भिन्न नावे होती. १९४० मध्ये नारुको येथे जमलेल्या संग्राहकांनी सर्वांसाठी ‘कोकेशी’ हा एकच शब्द आणि त्याचे एकच लेखन निश्चित केले. त्यापूर्वी बाहुलीच्या तळाशी कारागिराची सही बहुधा नसे. संग्राहकांच्या आग्रहाने ती आली आणि मुलांसाठी खेळणे करणारा कातारी ‘कलावंत’ झाला. १९५९ पासून शिरोइशी येथे राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेत बक्षीस मिळविणारी बाहुली मुलाच्या हातात पडण्याची शक्यता अर्थातच उरली नाही.

याच प्रक्रियेत चुकीच्या समजुतीही रूढ झाल्या. ‘को’ म्हणजे मूल आणि ‘केसु’ म्हणजे पुसून टाकणे अशी फोड करून, दुष्काळात मारलेल्या अर्भकांच्या स्मरणार्थ ही बाहुली निर्माण झाली असे प्रतिपादन दुसऱ्या महायुद्धानंतर पसरले. या व्युत्पत्तीला जुन्या कागदपत्रांचा आधार नाही. वर उल्लेखिलेली बहुतेक स्थानिक नावे ‘बाहुली’ किंवा ‘लाकडी बाळ’ एवढाच अर्थ देतात. एकाच रूढ केलेल्या नावावरून संपूर्ण परंपरेचा उगम काढण्याचा हा प्रयत्न होता. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने अशा आकर्षक स्पष्टीकरणांपासून सावध राहणे आवश्यक आहे.

६. शासकीय संरक्षण आणि उत्तराधिकाराचा प्रश्न

१९७४ मध्ये जपानमध्ये पारंपरिक हस्तव्यवसायांच्या उत्तेजनासाठी कायदा झाला. त्यानुसार मान्यता मिळण्यासाठी वस्तू मुख्यतः दैनंदिन जीवनात वापरली जाणारी असावी, तिच्या निर्मितीचा महत्त्वाचा भाग हाताने व्हावा, तंत्र व साहित्य दीर्घकाळ, म्हणजे साधारण १०० वर्षे, चालत आलेले असावे आणि ठरावीक प्रदेशात पुरेसे उत्पादक असावेत, अशा अटी आहेत. १९८१ मध्ये ‘मियागी पारंपरिक कोकेशी’ला ही मान्यता मिळाली. तत्पूर्वी १९७५ मध्ये नारुको येथे कोकेशीचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले होते. २०१० नंतर तरुण स्त्रियांमध्ये कोकेशीची नवी आवड निर्माण झाली आणि झऱ्यांच्या गावांना नवा ग्राहक लाभला.

असे असूनही कारागिरांची संख्या घटत गेली आहे. लाकूड वर्षभर वाळविणे, हत्यारे स्वतः घडविणे आणि चेहऱ्याच्या रेषा स्थिर होईपर्यंत अनेक वर्षे उमेदवारी करणे, यासाठी तरुण माणसाला ज्या उपजीविकेची हमी हवी, ती बाहुल्यांची विक्री सहसा देऊ शकत नाही. म्हणून काही ठिकाणी कुटुंबाबाहेरील उमेदवारांना शिकविण्याचे प्रयत्न सुरू झाले. घराण्याची व्याख्या रक्ताऐवजी शिक्षणावर आधारण्याची ही दिशा आहे आणि किजिशींच्या पूर्वीच्या गुरुशिष्य परंपरेशी ती विसंगत नाही.

दारुमाची स्थिती याहून वेगळी आहे. जुना दारुमा वर्षअखेरीस किंवा नववर्षाच्या सुमारास मंदिरात परत दिला जातो, तेथे विधिपूर्वक जाळला जातो आणि नवा घेतला जातो. त्यामुळे त्याची मागणी दरवर्षी नव्याने निर्माण होते आणि त्याला संग्राहकाची आवश्यकता भासत नाही. मात्र ही मोठी मागणी पुरविण्यासाठी ताकासाकीमध्ये धड तयार करण्याचे काम बहुतांशी यंत्राकडे गेले आहे. कागदाचा लगदा यंत्राने साच्यावर ओढून घेतला जातो. भुवया व दाढी मात्र हाताने रंगविली जाते. म्हणजे कोकेशीमध्ये हात टिकला पण वापर गेला. दारुमामध्ये वापर टिकला पण हाताचा वाटा आकसला. या दोहोंच्या मधली वाट तोक्योतील कामेइदो तेन्जिन मंदिरात दिसते. तेथे दरवर्षी २४ व २५ जानेवारीला भाविक ‘उसो’ नावाचा गेल्या वर्षीचा लाकडी पक्षी परत करून नवा घेतात. ‘उसो’ म्हणजे एक पक्षी आणि ‘उसो’ म्हणजे असत्यही. गत वर्षातील अशुभ गोष्टी खोट्या ठराव्यात, हा त्यामागील भाव आहे. हे पक्षी हाताने कोरले जातात आणि या वार्षिक प्रथेमुळे त्या कौशल्याला दर वर्षी काम मिळते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जपानी लोकखेळण्यांच्या परंपरेत कोणतीही एक गोष्ट अविचल राहिलेली नाही. चरक बदलला, रंग बदलले, देवीचे भय गेले, मुलाच्या जागी संग्राहक आला. सातत्य राहिले ते एका हाताने दुसऱ्या हाताला शिकविण्याच्या साखळीत. दुसरा असा की, वस्तू जपून ठेवणे आणि वस्तू पुनःपुन्हा संपविणे हे जतनाचे दोन भिन्न मार्ग आहेत. पहिल्यात आकाराची शुद्धता राखली जाते, पण कारागिराला मोजकेच ग्राहक मिळतात. दुसऱ्यात ग्राहक मिळतात, पण यंत्राचा शिरकाव सुलभ होतो. दोन्ही मार्गांची किंमत मोजावी लागते आणि ती कोणती हे आधी ओळखणे, हे धोरण आखणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

तिसरा निष्कर्ष मूल्यमापनासंबंधी आहे. हस्तव्यवसायाच्या संरक्षणाचे यश बहुधा संग्रहालयातील नमुन्यांच्या संख्येवरून किंवा मिळालेल्या मान्यतापत्रांवरून मोजले जाते. नमुना आकार सांगतो; फिरत्या धडावर डोके किती दाबावे हे तो सांगत नाही. ते सांगणारा मनुष्य गेला आणि त्याच्याजवळ शिकणारा कोणी नसला, तर काचेच्या कपाटातील बाहुली केवळ अवशेष ठरते. म्हणून कोणत्याही लोककलेच्या जतनाचा हिशेब मांडताना प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, आज ती किती जण शिकत आहेत आणि शिकून झाल्यावर त्यांचे घर तिच्यावर चालू शकेल काय? जपानच्या दीर्घ व काटेकोर अनुभवालाही या प्रश्नाचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही. परंतु प्रश्न योग्य रीतीने मांडण्यासाठी लागणारी सामग्री त्या अनुभवाने निश्चितच उपलब्ध करून दिली आहे.